बिल्ड फेल, बाकी ठीक

१७ नोव्हेंबर, सोमवार
कंटेनरची इमेज बिल्ड होत नाही. ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे चूक सर्व्हरची. नीरजाला, आमच्या टीम लीडला, सांगितलं की उद्यापर्यंत होतंय. संकल्प: शांत राहणे. एरर पूर्ण वाचणे.

१८, मंगळवार
एरर फार लांब आहे. शेवटची ओळ वाचली. कॅश, म्हणजे आधीच्या बिल्डचा साठवलेला माल, उडवून पुन्हा बिल्ड लावलं. चहा. फेल. नेटवर्क असणार. कोथरूडमध्ये पुन्हा रस्ता खणलाय, त्याचा परिणाम नाकारता येत नाही.

१९, बुधवार
वल्लरीने विचारलं, नक्की अडलंय काय? बायकोला कळेल असं सांगितलं: प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरायचं, डबा सर्व्हरवर पाठवायचा. डबा भरत नाहीये. ती म्हणाली, मग डबा बदल. तिला यातलं काही कळत नाही. शनिवारी तिच्या भावाचं, शुभंकरचं, अमरावतीला लग्न. उद्या निघायचं. येतोच म्हणालो.

२०, गुरुवार
बेस इमेज, म्हणजे डबाच, बदलला. कल्पना माझी. फेल. जुना परत लावला. फेल, पण लवकर फेल. ही प्रगतीच. नीरजाने मदत हवीय का विचारलं. नको म्हटलं. वल्लरीला स्टेशनवर सोडलं. उद्या निघतो म्हणालो. तिने बॅगेतून माझा झब्बा काढून हातात दिला.

२२, शनिवार
काल फेल. आज लग्नाचा व्हिडिओ कॉल. म्यूट करून स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवला. अंतरपाट धरला तेव्हा लॉग बघत होतो. दूर झाला तेव्हा चहा गाळत होतो. अक्षता टाकल्यासारखा हात केला. माझा कॅमेरा बंद होता.

२४, सोमवार
नीरजा माझ्या जागेवर येऊन बसली. एका सेटिंगमध्ये ओळ होती: ही फाइल बिल्डमध्ये घेऊ नका. तिने ती काढली. बिल्ड हिरवं. ओळ माझ्या नावाने टाकलेली, ऑक्टोबरमध्ये. कोणीतरी माझं लॉगिन वापरलं असणार. पासवर्ड बदलला.
बिल्ड झालं. काही वाटलं नाही. दमलो असेन.

२५, मंगळवार
वल्लरीला फोन केला. बिल्ड झालं म्हणालो. ती म्हणाली, बरं. जेवलास का विचारलं. हो म्हटलं. मग म्हणाली, मी इथेच राहते सध्या. किती दिवस, विचारलं. बघू म्हणाली.
घर शांत आहे. कामाला उलट बरंच.
तिने फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ कानाला धरून होतो.