धुरपताबाईंच्या कानांची फेरतपासणी

मी, समीक्षा केरबा सोनकांबळे, वय २९, काम कानांची तपासणी, मूळ गाव लोहा, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्ताच्या कर्करोगाने अंग थकले आहे. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी लिहायला सांगितलेले नाही.

१. बँकेतली शिल्लक आई उमाबाई हिला द्यावी. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही लागायची, म्हणून ती सही शिकली. घरातली ही पहिली पदवी भिंतीवर ठेवायची की उतरवायची, तेही तिनेच ठरवावे.

२. स्कूटी धाकटा भाऊ अश्वजित याला. तिच्यावरून मी तीन वर्षे दिव्यांग प्रमाणपत्रांच्या शिबिरांना गेले. माणशी ऐंशी रुपये, पेट्रोल त्यातच. दोन्ही कान नीट तपासायला पाऊण तास लागतो. मी दहा मिनिटांत उरकू लागले.

३. शिबिरांचे कंत्राटदार पंचाक्षरी यांना काही नाही. दर वाढवा, निदान माणसे कमी बोलवा, असा अर्ज मी दोनदा दिला. "मॅडम, पैशाएवढंच तपासा," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. अश्वजितने ते अर्ज वरच्या कार्यालयात पाठवावेत, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहावेत.

४. तपासणीचे यंत्र माझ्या मालकीचे आहे. ते मैत्रीण ज्योत्स्ना हिला, तीही हेच काम करते. अट एकच.

चाकूरकडच्या धुरपताबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. ऐकू येईना म्हणून काम सुटले. निराधार योजनेसाठी चाळीस टक्के बहिरेपण लागते. मी पंचवीस लिहिले. मी अंगठ्याने बटण दाबून कानात आवाज सोडते, ऐकू आला की माणसाने बोट वर करायचे; म्हणून तपासताना त्याची पाठ यंत्राकडे हवी. त्या दिवशी रांग दाराबाहेर होती, मी खुर्ची फिरवली नाही. तपासणी संपल्यावर बाईंनी विचारले, "पास झाले का म्या?" मी झालात म्हणाले.

पुढे त्या बाजारात भेटल्या. मागून तीनदा हाक मारली, वळल्या नाहीत. समोर गेले तेव्हा ओठ वाचून बोलल्या. अभिमानाने सांगितले, "तुमचा अंगठा हालला की म्या बोट वर करायची. एकबी चुकले न्हाई."

ज्योत्स्नाने या यंत्रावर पहिली तपासणी त्यांची करावी, पूर्ण पाऊण तास. आधी समोर बसून सांगावे की ही परीक्षा नाही. ऐकू आले नाही तर बोट खालीच ठेवायचे.

५. दर कमी होता हे खरे. तरी तो आकडा माझ्या हाताने लिहिलेला आहे आणि तो चूक आहे. धुरपताबाईंच्या फेरतपासणीच्या अर्जावर तपासणाऱ्याचा जबाब मागितला आहे. सुनावणी ३ मार्चला आहे. तोवर मी असेन असे डॉक्टर सांगत नाहीत. कलम ४ आणि ५ हाच माझा जबाब समजावा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. ही दोन कलमे तेवढी थांबू शकत नाहीत. ज्योत्स्नाने त्यांची नक्कल उद्या सकाळीच सुनावणीच्या कार्यालयात नेऊन द्यावी.

सही: समीक्षा केरबा सोनकांबळे

आमच्या देखत सही केली:
१. शिवगंगा वीरण्णा स्वामी, परिचारिका
२. संघपाल वाघमारे, शेजारी

लातूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५