बाबांच्या गाडीचा तळ

३ फेब्रुवारी
कापला! बाबांच्या गाडीचा तळ कापला! ग्राइंडरचा आवाज अजून कानात घुमतोय. बाबा गेल्यापासून गाडी झाकूनच होती. इंजिन गेल्या महिन्यात सुरू झालं, पण जुनी सीट इतकी खचलेली की आई बसली की बुडालीच. ओढून बाहेर काढावं लागे. भंगारातून दोन सीटा आणल्या. देखण्या, पण उंच! बसलं की डोकं छताला. म्हणून तळ तीन इंच खाली न्यायचा.

४ फेब्रुवारी
दादाचा फोन. "बाबांनी एवढी जपलेली गाडी कापलीस?" मी म्हटलं, "गाडी आईला बसता यावं म्हणून आहे, पूजेला नाही." फोन आपटला त्याने. वाईट वाटलं. पाच मिनिटं.

७ फेब्रुवारी
वेल्डरकाका आले. तेव्हा मी भोकातून पाय सोडून थेट जमिनीवर उभी — गाडी झग्यासारखी अंगात घातलेली! काका पोट धरून हसले. "ताई, मग इंजिन कशाला? अशाच पळा!"
मग नवा जाड पत्रा, ताटासारखा खोलगट. खालून लोखंडी पट्टी. काका म्हणाले, "नाहीतर ब्रेक दाबला की सीटसकट काचेवर!"

८ फेब्रुवारी
सीटच्या बोल्टची भोकं अर्धा इंच चुकली. माप माझंच. शी!

१२ फेब्रुवारी
सीटा बसल्या! नवी भोकं पाडली, सगळे बोल्ट सुतासारखे सरळ गेले. डोकं आणि छत यांच्यात चक्क चार बोटं!
दुपारी दादा न सांगता हजर. वाकून पाहिलं, पत्र्यावर बुक्की मारली. "पक्कं आहे." बस्स, एवढंच. मग नाक शिंकरत बसला. सर्दी म्हणे!
आईला बोलावलं. ती स्टिअरिंगसमोरच बसली. "आई, तू त्या बाजूला." "असू दे गं." उठली, बसली, पुन्हा उठली. कुणाचा हात न धरता! मी नाचलेच.

१३ फेब्रुवारी
सकाळी गाडी नाही. आईही नाही! रात्री इथेच राहिलेला दादा पोलिसांकडे निघणार, तेवढ्यात तिचा फोन. "पुलापलीकडे आलेय. अगं, तुमच्या बाबांना गाडी मीच शिकवली होती. जेवून घ्या, मला उशीर होईल."