पन्नास पुंगळ्या

७ ऑक्टोबर, सोमवार
"तुझा हात हलत नाही गं. हे चांगलं की वाईट, ते पुढे कळेल." मी नऊ वर्षांची असताना आबा म्हणाले होते. नरसाळं न लावता मी बाटलीत रॉकेल ओतत होते आणि थेंबही सांडला नव्हता. आज ते वाक्य आठवलं, कारण या हातानेच मला नोकरी मिळवून दिली.
अंबरनाथच्या कंपनीतली लॅब जूनमध्ये बंद झाली. एकोणीस वर्षं मी तिथे पावडरी तोलल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईला कोण घेणार, असं वाटत होतं. प्रीतम लालवाणींनी घेतलं. सिंधी वस्तीच्या कॅम्प एकमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं, आता वय अठ्ठ्याहत्तर, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या बाजूला घर. तरुणपणी नेमबाजीत बक्षिसं मिळवली, शिकारही केली. परवाना भिंतीवर फ्रेममध्ये आहे. रायफलीची काडतुसं ते घरीच भरतात, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. म्हणून मी.
खोली छान आहे. खिडकीबाहेर आंबा. स्वयंपाकाला जनाबाई येते, ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून. सेठनी तिला त्यांची पालकाची साईभाजी शिकवली आहे आणि ती त्यात गुपचूप सुकट टाकते. सेठना कळतं, ते दोनदा वाढून घेतात.

१० ऑक्टोबर
काम शिकले. काडतुसांच्या पितळी पन्नास पुंगळ्या, पन्नास भोकांच्या शिसवी ठोकळ्यात. प्रत्येकीच्या बुडावर नंबर कोरलेला. एकदा उडाली की पुंगळी त्या रायफलीच्या नळीचा घाट घेते, मग दुसरीत नीट बसत नाही. ते तपासायला सेठनी लोखंडी साचा करून घेतलाय. मी चिमटीने दारू उचलायला गेले तर म्हणाले, "बेटा, ये बारूद है, जीरा नहीं." आम्ही दोघंही हसलो.
एक नियम कडक. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. एकाहत्तर साली एक पुंगळी रिकामी राहिली होती, त्यांच्या हातून. मोठा भाऊ हशू ओढ्यात रानडुकरासमोर उभा होता. चाप ओढला तर नुसतं टक् झालं. एवढं सांगून सेठनी चहा मागितला.

१८ ऑक्टोबर
निवडणूक लागली, परवान्याची हत्यारं जमा करायची. सेठबरोबर रिक्षाने जाऊन रायफल पोलीस ठाण्यात देऊन आले. पावती स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. मला वाटलं, आता महिनाभर सुट्टी. सेठ म्हणाले, पन्नास भरलेलीच राहू देत.

२३ ऑक्टोबर
आज काडतुसांचं कपाट उघडलं तर सात नंबर उडालेला. तोंड काळं, बुडाची टोपी ठेचलेली, दारूचा वास ताजा. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक सेठच्या खिशात. सेठना शर्टाचं बटणही लावता येत नाही. जनाबाई? ती या खोलीत पाऊल टाकत नाही.
पुंगळी साच्यात घातली. अलगद बसली. म्हणजे आपल्याच रायफलीतून उडाली. पावती खिळ्यालाच आहे, मी दोनदा पाहिली.
सेठना दाखवली. कुणी उडवली हे त्यांनी विचारलंच नाही. परत भर, म्हणाले.

२५ ऑक्टोबर
काल दुपारी चारला बार झाला. दिवाळी जवळ आली, कुणाचा फटाका असेल. आज एकोणीस नंबर काळा. जनाबाई भाकऱ्या थापताना म्हणाली, पाड्यातली शेळी ओढ्याजवळ मेली, कानामागे एकच भोक. बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. हातांकडे बघत होती.

२९ ऑक्टोबर
कपाटाच्या दोन्ही दारांवर माझा केस चिकटवून ठेवला. सेठना पत्ते खेळायला बसवलं, म्हणजे चार वाजता ते समोर असतील. बार झाला. त्यांनी पत्ते खाली ठेवले, मान कलती केली आणि हळूच म्हणाले, "निशाना सुधर गया." चेहऱ्यावर अभिमान होता. माझ्याबद्दलचा.
केस जागेवरच. आत एकतीस नंबर काळा.
यावेळी जनाबाईचा कुत्रा. तिच्या अंगणाच्या कडेला.

३ नोव्हेंबर
जनाबाई आज बोलली. चारचा बार ती लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकते. कधी आंब्याला लागायचा, कधी खडकाला, एकदा कुडाला. "बाय, तू यायच्या आधी गोळी चुकायची. आता चुकत नाय."
हशूसेठला कुणाला मारायचं आहे, तेही तिला माहीत आहे. त्या शिकारीत तिचा सासरा जनावर उठवायला हाकारा घालत होता. डुक्कर उलटलं तसा तो पळाला, हशूसेठ एकटा राहिला आणि तिथेच मेला. सासरा पुढे तापाने गेला. उरला तिचा नवरा सुदाम. त्याची भातकापणी ओढ्यालगत चालू आहे आणि चारला तो वावरातच असतो. उभं पीक टाकून कुठं जाऊ, म्हणतो.
दारूचे ते नेमके दाणे मीच तोलले होते.

५ नोव्हेंबर
सेठना सरळ विचारलं. ते रडले. भाऊ आहे, म्हणाले, माझ्या हातून एकदा रिकामी गेली, परत कशी देऊ? इतकी वर्षं ते भरत आले, पण त्या दिवसापासून त्यांची भरणी कधी सारखी झालीच नाही. आता तर हातच गेला. म्हणून त्यांना न हलणारा हात हवा होता.
मी म्हटलं, मी भरणार नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. आपल्या थरथरत्या हाताने. जो भरत नाही त्याच्याकडे तो येतो, म्हणाले.

७ नोव्हेंबर
पन्नासही फोडून दारू काढली. बुडाला नव्या टोप्या, वर गोळ्या, आत काही नाही. नियम मोडून टॉर्च मारली नाही.
चार वाजता फक्त टक्. ओढ्याकडून.
सुदाम घरी आला. जनाबाईने माझ्यासाठी चिंबोऱ्यांचं कालवण आणलं.

८ नोव्हेंबर
टक्. आज आंब्याखालून.
सेठ सकाळीच बहिणीकडे कॅम्प पाचला निघून गेले. चप्पल राहिली. किल्लीही.

९ नोव्हेंबर
बारा नंबर माझ्या टेबलावर. उभा. टोपीवर खोल खळगा, गोळी तशीच. भोवती ओल्या मातीचे ठसे, दाराकडून आत आलेले. परत गेलेले नाहीत.
बाहेर पडायला गेले — दारापर्यंत माझे पाय जातात, पुढे उचलत नाहीत.

१० नोव्हेंबर
साडेतीन. दारूची बरणी मी फडताळात ठेवली होती. ती समोर आहे, उघडी. तोलायचा काटा शून्यावर.
जनाबाईला फोन लावला. सुदाम भाताचा शेवटचा भारा बांधतोय, बांधून झाला की घराकडे वळेल. म्हटलं, आत्ता वळव. ती धावत सुटली, फोन चालूच होता, मग —
मागे कोणीतरी उभं आहे. ओल्या गवताचा वास.
डाव्या हाताने लिहितेय. उजवा काट्याजवळ आहे. मी भरत नाहीये. तो भरतोय. एक दाणाही सांडत नाही —
बारा नंबर भरला. गोळी बसली. टॉर्चसुद्धा मारली त्याने.
चारला पाच कमी. खिडकीतून वावर दिसतं. सुदाम डोक्यावर भारा घेऊन चाललाय, जनाबाई अजून बांधावर —
काडतूस माझ्या तळहातावर आहे. घ्यायला कोणीतरी वाकलंय.
हशूभाऊ, तुम्ही नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते. माझा हात एकदाच हलू द्या. काडतूस पडू दे खाली, तुम्हाला ते शोधावं लागू दे. एकदाच, सुदाम दारात पोचेपर्यं —