जमिनीचा घसारा

३ फेब्रुवारी

डोकं फिरलंय! वर्षभर माझ्याच मागे लागून कॉलेजने माझे सगळे नियम संगणकावरच्या त्या ‘तज्ज्ञ प्रणाली’त भरून घेतले — दुरुस्ती असेल तर असं, नवी खरेदी असेल तर तसं. आता हिशेबाच्या प्रात्यक्षिकाला मुलं मशीनच्या प्रश्नांना नुसती हो-नाही करत बसतात. उत्तराखाली ‘का?’ असं बटण आहे. कुणी दाबेल तर शपथ!

घरी हे म्हणतात, “तूच शिकवलंस त्याला. आता सवतीसारखी काय भांडतेस?”

५ फेब्रुवारी

विभागप्रमुखांशी वाजलं. म्हणे पुढच्या वर्षी प्रात्यक्षिकं सगळी मशीनवरच, “तुम्हालाही जरा मोकळं करू.” मोकळं! माझे तास जाणार, दुसरं काय? मी म्हटलं, मुद्दाम एक चूक घालते त्यात. आठवडाभरात एकाने जरी मशीनची चूक धरली, तर मशीन ठेवा. नाहीतर तास माझे.

“चालेल.”

६ फेब्रुवारी

घातली. जमिनीवरही घसारा काढायचा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी किंमत कमी करायची! यंत्र झिजतं, गाडी झिजते. जमीन काय झिजणार, कपाळ? पहिल्या वर्षाचं पोरही हसेल.

९ फेब्रुवारी

कुणी हसलं नाही. अख्ख्या वर्गाने जमीन झिजवली — तीही दोन दशांश स्थळांपर्यंत! एकाला विचारलं, हे कसं काय? “मशीनने सांगितलं, मॅडम.”

जिंकतेय की मी. मग रडू का येतंय?

११ फेब्रुवारी

आजही काही नाही. मख्ख सगळे.

१२ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. तास संपता संपता मागच्या बाकावरची ती उठली — जिला सगळे ‘शंकेखोर’ म्हणून चिडवतात, ती. “मॅडम, मशीन चुकतंय.” सापडली वाटतं जमीन!

पण ती जमिनीबद्दल बोलतच नव्हती! कुणी बिघडलेलं जुनं यंत्र विकत घेतलं आणि चालू करण्याआधी दुरुस्त केलं, तर तो खर्च यंत्राच्या किमतीत धरायचा. मशीन मात्र त्याला रोजची दुरुस्ती समजतंय. “तुम्ही वर्गात नेहमी विचारता ना, वस्तू आपल्या वापरात आली होती का? मशीन हे विचारतच नाही.”

तपासलं. खरंच नाही विचारत! रोज तोंडात असलेला प्रश्न, आणि भरून घेताना मलाच सांगायचा सुचला नाही.

१३ फेब्रुवारी

हरले. तास गेले.

आणि आज मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग मशीनसमोर — ‘का?’ दाबत! “अजून चुका असतील का हो, मॅडम?”

जमिनीचं मी सांगणार नाहीये.