मासे वर आले ती रात्र

बदलापूर,
शनिवार, १७ मे २०२५

दादास सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. वहिनीची कंबर आता कशी आहे? फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. शेजारच्या कुंदाची तेजल क्लासला अंबरनाथला येते, तिच्या हाती पत्र आणि डबा देतेय. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

तलावाला यंदा पाणी बऱ्यापैकी आहे. मासे ठीक आहेत. उकाडा मात्र फार आहे, रात्री झाडाचं पान हलत नाही. मी खाट बांधावरच टाकते, आबा टाकायचे तिथेच.

तू पाठवलेला कागद मिळाला. आबांच्या नावचा तलावाचा ठेका आपण दोघं राजीखुशीने सोडतो, असं त्यात लिहिलंय. तुझी सही झालीय, माझ्या नावापुढे जागा मोकळी आहे. आबा गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "संजू, मासे राखणं बायकांचं काम नाय. एक रात्र उकाड्याची पडू दे, सकाळी अख्खा तलाव मेल्या माशांनी पांढरा दिसेल." ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. आणि तशी रात्र मंगळवारी आली.

वर 'मासे ठीक आहेत' लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. खोडत नाही, सांगून टाकते.

मंगळवारी दुपारी चंदेरीच्या डोंगरावर ढग जमले होते. ढग असताना तलावात शेण टाकायचं नाही, हे आबांनी आपल्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. तरी मी टाकलं, चांगल्या दहा पाट्या. पावसाआधी मासे अंगाने भरले की दादाला दाखवीन, एवढंच डोक्यात होतं. कुंदा म्हणाली, "ताई, आभाळ तरी बघ जरा." मी म्हटलं, "आभाळाचं मला नको शिकवू." राग तुझ्यावरचा होता, निघाला तिच्यावर.

रात्री दीडला जाग आली. वारा ठार पडलेला, आणि पाण्यातून चपचप आवाज. बॅटरी मारली तर काठाने सगळीकडे तोंडंच तोंडं. रोहू, कटला, मृगळ, सगळे वर येऊन हवा गिळत होते. शेणाने पाण्यातली हवा खाल्ली होती, आणि वारा नाही म्हणून नवी मिसळत नव्हती. डोंगरामागे वीज चमकत होती, पण वादळ काही पुढे सरकेना.

तेव्हा मी आधी तुला फोन लावला. तीनदा लावला. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

मग आठवलं. अशा रात्री आबा आपल्याला झोपेतून उठवून हातात ताटं द्यायचे, पाणी बडवायला. तू रडत उभा राहायचास आणि मी बडवायचे, विसरला नसशील. मी कुंदाला उठवलं, पलीकडच्या इंदुबाईंना उठवलं. जनूकाकांनी मळ्यातलं इंजिन आणून लावलं आणि तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात सोडलं. आम्ही तिघी कमरेएवढ्या पाण्यात ताटं-पराती आपटत होतो. इंदुबाईंना धाप लागली, मी म्हटलं आता बाहेर या. तर म्हणतात, "या पान्याला शिवली म्हनून माझ्या सासूला दगडं मारली व्हती. आज मी मन भरंस्तवर बडवनार त्याला." आपली आजीही खालच्या अंगाला रिकामी घागर घेऊन बसायची, कोणी ओतून देईल म्हणून. तोच हा तलाव, जो तू एका सहीत सोडलास.

चारच्या सुमाराला वीज डोक्यावर आली. मी दोघींना ओढून बाहेर काढलं, ताटं लांब फेकली, जनूकाकांना इंजिन बंद करायला लावलं. मासे गेले तर गेले, माणूस जायला नको. आम्ही बांधाखाली ओणवे बसलो. फार भीती वाटत होती, विजेची कमी आणि तलावाचं काय होईल याची जास्त.

आणि वारा सुटला. माझी खाट उडून पाण्यात गेली. तलावाला लाटा आल्या, पाऊस आडवा मारायला लागला, आणि वीज चमकली की दिसायचं, तोंडं कमी होत होती. उजाडेपर्यंत सगळी खाली गेली.

चाळीसेक मासे मेले. ते माझ्यामुळे मेले. कुंदाची मी माफी मागितली. तुझी मागणार नाही. मी शेण टाकून चुकले, बाई म्हणून चुकले नाही. आणि तू रडायचास त्या वयापासून हे काम मला येतं.

आता डबा उघड. वाचलेल्यांपैकी एका रोहूच्या तळलेल्या तुकड्या आहेत, वहिनीला आवडतात. तेल टिपायला खाली तुझाच कागद घातलाय. माझ्या नावापुढची जागा अजून मोकळी दिसेल.

रात्री दीडला फोन वाजला तर उचलत जा. तू ये असं म्हणत नाही, पण एक ताट तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय.

आणि तुला माझी सही हवी होती ना, ही घे.

तलावावरून,
संजीवनी शिवराम