पावडर न लागलेल्या मुली

४ मार्च

आज बैठकीत मी बोलले ते इतिवृत्तात येणार नाही. म्हणून इथे लिहिते.

नाताळात आमच्या गावच्या फाउंडेशननं चार मुलींना शिलाई मशिनं दिली. बँड, फोटो, भाषणं! गावानंच जमवलेल्या देणग्या. त्यातून गावातच चार नवी दुकानं उभी राहायची होती. आज अध्यक्ष दोत्से म्हणाले, "एकही सुरू नाही. मुली आळशी आहेत. मशिनं परत घेऊ. राजधानीतला, अक्राचा एक कारखानदार ती न्यायला तयार आहे. २२ला, शुक्रवारी, ट्रक येईल."

मी विचारलं, "मुलींशी कुणी बोललंत?"

"नोंद घेतली, टीचर," म्हणाले, आणि सगळ्यांसाठी थंड मॉल्टच्या बाटल्या मागवल्या. नोंद! कारकुनाचं पेन हललंसुद्धा नाही. या दोत्सेला पाढे मी शिकवलेत.

५ मार्च

काफुईकडे गेले. चौघींत सगळ्यात चांगला हात हिचा. मशीन बाहेरच्या खोलीत, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर टीव्ही! माझा पारा चढला.

"हे काय मांडून ठेवलंयस?"

"टीचर, मला अजून पावडर लागली नाही."

म्हणजे तिला शिवण शिकवणाऱ्या मॅडमनं, आक्पेनेनं, तिला मोकळं केलेलं नाही. उमेदवारी संपली की मॅडम सगळ्यांदेखत मुलीच्या मानेवर पावडर टाकते, हातात कात्री देते. मग ती शिंपीण. तोवर कापड कोण आणून देणार? शेजारीण हिच्या तोंडावर म्हणाली म्हणे, "मॅडमच्या हातून पळालेलीकडे मी माझं लग्नाचं कापड देऊ?"

"मग जाऊन सांग ना तिला, मोकळं करा म्हणून!"

"गेले होते. म्हणाल्या, ज्यांनी तुला नेलं त्यांना पाठव."

रडत नव्हती. रुमालाची टोकं सारखी करत होती. मशीन गेलं तर मासे भाजायला बसणार, आईसारखी. हा हात धुरात जाणार!

डबाभर पावडरीसाठी मुलीचं आयुष्य अडवायचं? उद्या बघतेच त्या बाईला.

६ मार्च

स्वातंत्र्यदिनाच्या परेडहून थेट तिच्या दुकानात. मी दारात उभी, तर आक्पेने मान वर करून विचारते, "कोण?" इतक्या वर्षांची ओळख आणि कोण! मी सुनावणार, त्याआधी तीच सुरू झाली.

"तुमचे लोक बँड वाजवत आले आणि माझ्या टेबलावरच्या चार मुली उचलून घेऊन गेले. मला विचारलं? रीतीप्रमाणे मानाची श्नॅप्सची एक बाटली घेऊन कुणी दारात आलं? दाखला न घेता तुमच्या शाळेतली मुलं कुणी नेली असती टीचर, तर टाळ्या वाजवल्या असत्यात?"

"मुलींचं नुकसान होतंय."

"आणि माझं नाही? बघा हा ढीग!"

ढीग मोठाच होता. सगळ्यात वर दोत्सेंच्या आईला जाऊन वर्ष होतंय, त्या प्रार्थनेसाठीचं कापड, साऱ्या घराण्याला एकसारखं. कात्रीसुद्धा लागली नव्हती.

"बाटलीच हवी ना? मी आणते."

"तुम्ही कुठे नेल्यात माझ्या मुली? ज्यानं नेल्या त्यानं यावं."

तणतणत घरी आले. सगळ्यात जास्त राग याचा, की बाई एक शब्द खोटं बोलली नाही.

११ मार्च

पुन्हा बैठक. दोत्से: "फाउंडेशन दारू वाटत नाही. ही तर खंडणी झाली! आपण इथे धंदे वाढवायला बसलोय, जुन्या रूढी जपायला नाही."

मी विचारलं, "गेल्या वर्षी लेकासाठी मुलगी मागायला गेलात, तेव्हा हातात काय होतं — फॅन्टा?"

कारकूनसुद्धा हसला. ठराव मात्र पास. ट्रक येणार.

धंदा म्हणजे काय नुसतं मशीन? गिऱ्हाइकाचा विश्वास कुठून आणणार, अक्राहून? या मुलींना जिनं घडवलं, तिचं दुकान आम्हाला धंदा वाटत नाही. तिला मदत सोडा, साधं विचारलंही नाही. तिचंच दुकान रिकामं करून चार दुकानं उघडायला निघालो, आणि पाटीवर लिहितो — लहान धंद्यांना हात! कुणाचा हात, कुणाच्या गळ्यावर?

१२ मार्च

इतिवृत्त आलं. माझा विरोध त्यात नाही. फॅन्टाही नाही.

१८ मार्च

दोत्सेंचा फोन. स्वतःहून! प्रार्थना रविवारी, आणि घरात एकाचेही कपडे आलेले नाहीत. "टीचर, तुम्ही जरा सांगा ना तिला."

"काय सांगू? तिचे आठ हात तुम्हीच नेलेत."

पलीकडून बारीक आवाजात, "श्नॅप्स एक न्यायची की दोन?"

"दोन. आणि आत जाताना टोपी काढा."

२० मार्च

दोत्से गेले! टोपी काढून. चौघी आपापली मशिनं घेऊन मॅडमच्या दुकानात बसल्यात. खडखडाट चर्चपर्यंत ऐकू येतो. शुक्रवारी ट्रक नाही, पावडर.

२२ मार्च

पावडर पहिल्या तिघींना नीट लागली. त्या मान वाकवून अगदी जवळ सरकल्या होत्या. काफुई जागची हलली नाही, ताठ उभी राहिली. मॅडमनं टाकलेली पावडर शेजारी उभ्या माझ्या खांद्यावर पडली. लोक हसले. काफुईनं मॅडमचा हात धरून आपल्या मानेवर नेला. तेव्हा मला ते "कोण?" कळलं. मी वाकले, तर आक्पेने हळूच म्हणाली, "पोरी गेल्यापासून सुईत दोरा गेला नव्हता, टीचर."

इतिवृत्तात काय येईल कोण जाणे. दिलं-घेतलं ते असं —

फाउंडेशनकडून मॅडम आक्पेनेला: श्नॅप्स, दोन बाटल्या. थंड पेयांचा एक क्रेट. अध्यक्षांच्या तोंडून, सगळ्यांदेखत, "आमचं चुकलं."

मॅडमकडून चौघींना: एकेक कात्री.

मॅडमकडून काफुईला, त्याशिवाय: दुकानाची किल्ली. दारावरची पाटी बदलायची नाही, एवढीच अट.