सात पायांचं टेबल

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार (वाकून, असं आईने मागे उभं राहून बजावलंय). गुडघा कसा आहे? 'बरा आहे' एवढंच कळवू नका, त्यावर तुमच्या बहिणीचा विश्वास उरलेला नाही. मामी गेल्यापासून एकटे राहता, आणि इकडे या म्हटलं की 'तुमच्याकडे माझी अडचण होईल' हे ठरलेलं उत्तर देता. मग बोलणी मला बसतात.

असो. जेवणाचं नवं टेबल करायला घेतलं. गोल. मध्ये लोखंडी चकती, तिच्या कडेला सात भोकं, प्रत्येकात एक तिरका पाय, आणि दोन पायांच्या मध्ये एकेकाची खुर्ची, म्हणजे कोपराने ढकलाढकली नको. (सात पाय पाहून तुमची भाचेसून म्हणाली, हे रात्री उठून निघून गेलं तर मला विचारू नका.) चकती वर्तुळाचे सारखे भाग पाडणाऱ्या तुमच्याच जुन्या इंडेक्सिंग हेडवर चढवली. हँडलच्या चाळीस फेऱ्या म्हणजे चकतीची एक. चाळीसला सातने भागलं. म्हणजे दर पायाला, हँडलमागच्या तबकडीवरच्या एकवीस भोकांच्या वर्तुळावर, पाच फेऱ्या आणि पुढे पंधरा भोकं. हिशेब चोख, दोनदा तपासला, छाती फुगली. आणि फिरवण्याआधी हँडलची पिन ज्या भोकात बसली होती, त्यालाच 'एक' म्हणत सुटलो! याच चुकीसाठी तुम्ही माझ्या बोटांवर फूटपट्टी मारायचात. ते भोक मोजायचं नसतं, तिथे आपण आधीच असतो. मला हे पटतं, बोटांना अजून पटत नाही. दर वेळी एक भोक कमी सरकलो आणि सगळी चूक गोळा होऊन शेवटी बसली: सहा जागा एक्कावन्न अंशांच्या, सातवी चोपन्नची.

चकती नव्याने करणार होतो. पण आई त्या रुंद जागेत खुर्ची सरकवून बसली आणि म्हणाली, "राहू दे रे. इथे गुडघा सरळ करून बसता येतं." मग मी उगाच ड्रिल पुसत बसलो.

तुमचा,
अजूनही भोकं चुकणारा भाचा

ता. क. चूक मामांच्या शिकवण्यातली, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आरोप खोडायचा असेल तर स्वतः या, पत्राने भागणार नाही.

आणखी एक. भाचेसून विचारते, घरात आपण सहा जण, मग भागाकार सातने कशाला? मामा, भागायला बसलो तेव्हाच तुम्हाला धरलं होतं.